हेर्मान ह्रेइदारसन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि थोडी त्याची बाजू)

आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग पाहणाऱ्या मंडळींमध्ये कधी ना कधी हा विषय निघतोच. "केरळा ब्लास्टर्सच्या बाकावर प्रशिक्षक डेव्हिड जेम्सशेजारी तो उंच, सोनेरी केसांचा कोण होता रे?" कुणीतरी फोनवर शोधतो, आणि पहिलीच ओळ समोर येते ती अशी: प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधून पाच वेगवेगळ्या क्लबांसोबत खालच्या स्तरावर घसरलेला खेळाडू. सगळे हसतात आणि विषय संपतो. मला ते हसणं पटत नाही. म्हणून तेच ते प्रश्न एका जागी घेतले आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे, बाकी ठिकाणी दोन ओळींत भागवलं आहे.

हा नेमका कोण?

आइसलँडचा डावा बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, गरज पडली की सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटूसुद्धा. जन्म ११ जुलै १९७४. १९९७ ते २०१२ या काळात तो इंग्लंडमध्ये क्रिस्टल पॅलेस, ब्रेंटफर्ड, विम्बल्डन, इप्सविच टाउन, चार्ल्टन अ‍ॅथलेटिक, पोर्ट्समथ आणि कोव्हेंट्री सिटी अशा सात क्लबांकडून खेळला. प्रीमियर लीगमध्ये तीनशेहून अधिक सामने, देशासाठी ८९ सामने आणि ५ गोल. २००८ चा एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकणाऱ्या पोर्ट्समथच्या अकरा जणांत तो होता. पुढे प्रशिक्षक झाला आणि त्या वाटेवर एक वर्ष कोचीतही काढलं.

नाव कसं उच्चारायचं? आणि आडनावाऐवजी सगळीकडे "हेर्मान" का लिहिलंय?

कारण ह्रेइदारसन हे आडनाव नाहीच. "ह्रेइदारचा मुलगा" एवढाच त्याचा अर्थ. आइसलँडमध्ये बहुतेक लोकांना घराण्याचं आडनाव नसतं, वडिलांचं (क्वचित आईचं) नाव आणि पुढे मुलगा की मुलगी ते. बहीण असती तर ती ह्रेइदारसदोत्तिर झाली असती. तिथली टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावानं लावलेली असायची, आणि देशाच्या पंतप्रधानालाही लोक पहिल्याच नावानं बोलावतात. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे बसतं आणि आडनाव शेवटी. त्यांनी शेवटचा डबा जोडलाच नाही, असं समजा.

त्याच्या नावातलं मधलं अक्षर (ð) इंग्रजी कीबोर्डवर नाही, म्हणून इंग्लिश वर्तमानपत्रांनी तिथे सरळ "डी" घातला आणि समालोचकांनी "हरायडरसन" करून टाकलं. मूळ उच्चार आपल्या "द"च्या जवळ जातो. या बाबतीत देवनागरी बरी.

तो कुठल्या गावचा?

त्याचा क्लब आयबीव्ही, म्हणजे वेस्टमान बेटांचा संघ. आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर समुद्रात उभी असलेली ही ज्वालामुखीची बेटं. त्यांतल्या हेइमाएय या एकाच बेटावर माणसं राहतात, साधारण चार-साडेचार हजार. मासेमारी हाच धंदा.

२३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर गावाच्या अगदी कडेला जमीन फाटली आणि लाव्हा वर आला. सुदैवानं आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या सगळ्या बोटी बंदरातच होत्या. त्या रात्रीत पाच हजारांच्या आसपास लोक त्याच बोटींतून मुख्य भूमीवर नेले. पुढे काही महिने लाव्हावर समुद्राचं पाणी पंपानं मारत राहिले, कारण लाव्हा बंदराचं तोंड बुजवू पाहत होता आणि बंदर गेलं असतं तर गावाला परत येण्याचं कारणच उरलं नसतं. बंदर वाचलं, बरेचसे लोक परतले. हेर्मानचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. त्याच्या वयाची सगळी पिढी राख उपसून पुन्हा उभ्या केलेल्या गावाची. यावरून कुणाच्या स्वभावाचे निष्कर्ष काढायची मला हौस नाही, पण संकटात सापडलेल्या क्लबांत हा माणूस इतका निवांत कसा असायचा, हा प्रश्न पडला की मला ते बंदर आठवतं.

आयबीव्हीचं मैदान उंच हिरव्या कड्याच्या पायथ्याशी आहे. मेंढ्या वर चरतात, खाली सामना चालू असतो.

बर्फाच्या देशात सराव कुठे करायचे?

हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण आइसलँडच्या फुटबॉलचे दोन कालखंड इथेच वेगळे होतात. २००० च्या आसपासपासून तिथे मोठमोठे बंदिस्त हॉल उभे राहिले. आत कृत्रिम गवत, बाहेर वादळ असलं तरी आत खेळ चालू. पुढचा स्टार गिल्वी सिगुर्दसन आणि त्याच्या बरोबरीची पोरं या हॉलांत वाढली.

हेर्मान त्याच्या आधीचा. त्या काळी गवताचा हंगाम मे ते सप्टेंबर, आणि उरलेल्या वर्षात खडीची मैदानं. खरोखरची खडी: काळी, ज्वालामुखीची, बारीक. त्यावर स्लायडिंग टॅकल करायचा म्हणजे मांडीची साल सोलून घ्यायची. चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही, वारा आडवा. त्यामुळे त्या पिढीतले बचावपटू तांत्रिक नजाकतीसाठी ओळखले जात नाहीत. ते पायांवर उभे राहणं, डोक्यानं चेंडू काढणं आणि न कुरकुरणं यांसाठी ओळखले जातात. हेर्मान जमिनीवर झोपून टॅकल करायचा तेव्हा इंग्लंडचं ओलं गवत त्याला गादीसारखं वाटत असणार.

इंग्लंडमध्ये पोहोचला कसा? वर्क परमिट वगैरे?

लागलं नाही, आणि त्याच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग आहे. आइसलँड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण १९९४ पासून युरोपियन इकॉनॉमिक एरियाच्या करारात आहे. त्यामुळे तिथल्या माणसाला ब्रिटनमध्ये काम करायला परवाना लागत नव्हता. १९९५ च्या डिसेंबरमध्ये युरोपियन न्यायालयाचा बोसमन निकाल आला, परदेशी खेळाडूंच्या मर्यादा कोसळल्या आणि इंग्लिश क्लब स्वस्तात मिळणाऱ्या नॉर्डिक खेळाडूंकडे वळले. उंच, इंग्रजी बोलणारे, थंडीचं काही न वाटणारे. त्याच लाटेत १९९७ च्या उन्हाळ्यात हेर्मान क्रिस्टल पॅलेसमध्ये आला. त्याच वर्षी मागे आयबीव्हीनं आइसलँडची लीग जिंकली.

ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, ब्रिटनमध्ये खेळाडूंसाठी गुणांची पद्धत आली. आज बेटावरच्या क्लबातून एखादा तेवीस वर्षांचा बचावपटू थेट प्रीमियर लीगमध्ये जाणं फार अवघड आहे.

पॅलेसनंतर तो एकदम चौथ्या स्तरावर का गेला? काही बिनसलं होतं का?

त्याचं काही नाही, मालकांचं. १९९७-९८ मध्ये पॅलेसचा हंगाम विचित्र होता. परक्या मैदानांवर जिंकायचे आणि घरच्या मैदानावर पहिला लीग विजय मिळाला तो थेट एप्रिलमध्ये. शेवटचा नंबर लागला. क्लबचे मालक रॉन नोड्स यांनी क्लब विकला आणि ब्रेंटफर्ड विकत घेतला. विकत घेऊन थांबले नाहीत, स्वतःच मॅनेजरही झाले. ब्रेंटफर्ड तेव्हा चौथ्या स्तरावर घसरलेला. नोड्सनी पॅलेसमधला ओळखीचा बचावपटू मागवला: साडेआठ लाख पौंड, क्लबचा तेव्हाचा विक्रम.

विचार करा, देशाच्या संघातला खेळाडू, नुकताच प्रीमियर लीग खेळलेला, आणि आता तो मंगळवारच्या रात्री छोट्या गावांच्या मैदानांवर. पहिल्याच हंगामात ब्रेंटफर्डनं तो स्तर जिंकला; शेवटच्या दिवशी केंब्रिज युनायटेडला त्यांच्याच घरी हरवून. पुढच्या ऑक्टोबरमध्ये विम्बल्डननं त्याला २५ लाख पौंडांना उचललं. जवळपास तिप्पट किंमत, एका वर्षात. नोड्स व्यापारी होते, हे सांगायला नको.

पाच क्लबांसोबत रेलिगेट झाला, म्हणजे खाली गेला, हे खरं का?

खरं आहे. क्रिस्टल पॅलेस १९९८, विम्बल्डन २०००, इप्सविच २००२, चार्ल्टन २००७, पोर्ट्समथ २०१०. पण यादी वाचून काहीच कळत नाही, म्हणून एकेक क्लब बघू.

विम्बल्डनला मॅनेजर म्हणून नॉर्वेचे एगिल ओल्सन आले होते, आकडे आणि लांब पास यांवर विश्वास असलेले. हंगामाच्या शेवटी संघाचा श्वास संपला. १४ मे २००० ला साउथॅम्प्टनमध्ये २-० हरून ते खाली गेले. ही तारीख विम्बल्डनचे जुने चाहते विसरत नाहीत, कारण बरोबर बारा वर्षांपूर्वी, १४ मे १९८८ ला, त्यांनी लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. २००३ मध्ये तो क्लब लंडनमधून मिल्टन कीन्स या दुसऱ्याच गावी हलवला गेला. तिथला आजार डाव्या बॅकच्या आवाक्यातला नव्हता.

मग इप्सविच, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा सगळ्यात चांगला काळ. नुकतेच वर आलेले, जॉर्ज बर्ली मॅनेजर. हेर्मानसाठी त्यांनी ४० लाखांहून अधिक पौंड मोजले, तेव्हा क्लबचा विक्रम. सगळे म्हणत होते हे लगेच खाली जाणार. ते पाचवे आले. पाचवे! मार्कस स्ट्यूअर्टचे १९ गोल, बर्ली वर्षातले सर्वोत्तम मॅनेजर, पुढच्या वर्षी युएफा कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा. त्यात इंटर मिलानला घरच्या मैदानावर १-० हरवलं, मग त्यांच्या सान सिरो मैदानावर ४-१ मार खाल्ला. पण युरोपची दगदग, उन्हाळ्यातली महागडी खरेदी आणि दुखापती यांत लीग हातची गेली. नाताळच्या सुमारास तळाशी, मधेच एक जोरदार उसळी, मग पुन्हा घसरण. शेवटच्या दिवशी लिव्हरपूलमध्ये ५-०. लगोलग टीव्हीचे पैसे आटले, सामने दाखवणारं आयटीव्ही डिजिटल बुडालं आणि फेब्रुवारी २००३ मध्ये कर्जात बुडालेला क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला. ज्यांचे पैसे येतील त्यांना विकायचं, असा मामला. मार्चमध्ये हेर्मान चार्ल्टनला.

चार्ल्टनमध्ये तो चार वर्षांहून जास्त राहिला, हे यादीत दिसत नाही. अ‍ॅलन कर्बिशलींचा हा काळ. २००३-०४ मध्ये संघ सातवा आला. कर्बिशली पंधरा वर्षांनी २००६ मध्ये गेले आणि एका हंगामात तीन मॅनेजर झाले: इयान डाउई, लेस रीड, अ‍ॅलन पार्ड्यू. मे २००७ मध्ये घरच्या मैदानावर टॉटनहॅमकडून हरून खेळ संपला.

पाचवं पोर्ट्समथ. त्याचं खाली वेगळं सांगतो, कारण तिथे कपही आहे.

(सहावंसुद्धा आहे म्हणा. २०१२ च्या जानेवारीत तो दुसऱ्या स्तरावरच्या कोव्हेंट्रीला गेला, आणि तेही त्या हंगामात खाली गेले. प्रीमियर लीग नसल्यानं मोजत नाहीत.)

म्हणजे तो पांढऱ्या पायाचाच झाला ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि दर वेळी चिडूनच उत्तर दिलं आहे. आता शांतपणे.

प्रीमियर लीगमधून दर वर्षी वीसपैकी तीन क्लब जातात. जे खालच्या निम्म्यात असतात त्यांच्यावर ही टांगती तलवार कायमची. अशा क्लबांकडून बारा हंगामांत ज्याचं नाव लागतं, त्याच्या वाट्याला चार-पाच घसरणी येणारच. ज्याला एकदाच खाली जावं लागलं, त्याच्याकडे नीट बघा: बऱ्याचदा तो पुन्हा कधी वर आलेलाच नसतो. क्लब खाली गेला की टीव्हीचा पैसा आटतो, पगार परवडत नाहीत, खेळाडू विकायला निघतात. बाजारात उभ्या असलेल्या वीस-पंचवीस जणांपैकी प्रीमियर लीगमधले क्लब मोजून दोन-तीन उचलतात. हेर्मानला त्यांनी दर वेळी उचललं. पॅलेसनंतर फक्त ब्रेंटफर्डचं एक वर्ष काय ते वळण, आणि इप्सविचच्या घसरणीनंतर काही महिने. बाकी २०१० पर्यंत तो वरच राहिला.

पाच क्लबांसोबत खाली जायला आधी पाच क्लबांनी वर बोलवावं लागतं. आणि त्याच क्लबांचे चांगले निकाल मांडा: इप्सविच पाचवे, चार्ल्टन सातवे, पोर्ट्समथ आठवे आणि वर एफए कप. हे सगळं तोच माणूस संघात असताना. या यादीला मात्र कुणी टोपणनाव दिलं नाही.

एक गोष्ट कबूल करतो. तो ग्रेट नव्हता. मोठ्या चार क्लबांपैकी कुणी त्याला घेतलं नाही, आणि घ्यायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही.

मग खेळायचा कसा?

डाव्या पायाचा, उंच, लांब टांगांचा. धावायला लागला की दाराची चौकट चालत यावी तसा दिसायचा. हवेतला चेंडू त्याचा. सेंटर बॅक म्हणून वाढलेला असल्यानं दूरच्या खांबाकडे येणारा क्रॉस तो आत सरकून डोक्यानं काढायचा; हे काम छोट्या चणीच्या आधुनिक फुलबॅकांना जमत नाही. कॉर्नरला पुढे गेला की अजून एक डोकं वाढायचं.

उणीव? झटकन दिशा बदलणारा, बुटका, चपळ विंगर समोर आला की त्रास. अशा वेळी तो अंतर ठेवून उभा राहायचा, उडी मारायचा नाही, विंगरला बाहेरच्या रेषेकडे ढकलत न्यायचा. तिथून क्रॉस आलाच तर मधे उंच सोबती होतेच. कंटाळवाणं दिसतं. शनिवारच्या हायलाइट्समध्ये हे येत नाही.

एफए कपची गोष्ट काय?

२००७ मध्ये हॅरी रेडनॅप यांच्या पोर्ट्समथला तो आला, पैसे न मोजता. संघ पाहा: गोलमध्ये डेव्हिड जेम्स, मागे ग्लेन जॉन्सन, सोल कॅम्पबेल, सिल्वाँ दिस्तँ आणि डावीकडे हेर्मान. चौघांतला एकटाच असा, ज्याच्या पोस्टरला कुणी पैसे दिले नसते.

मार्च २००८ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्याच मैदानावर, त्यांच्याविरुद्ध एफए कपचा उपांत्यपूर्व सामना. युनायटेडनं दाबून ठेवलं होतं. मग त्यांच्या बदली गोलकीपरला लाल कार्ड, बदली खेळाडू संपलेले, आणि बचावपटू रिओ फर्डिनंड हातमोजे घालून गोलमध्ये. पोर्ट्समथच्या मुंतारीनं पेनल्टी मारली, १-०. त्या वर्षी युनायटेड युरोपचे विजेते झाले, यावरून अंदाज घ्या.

१७ मे २००८, वेम्बली, ८९ हजारांवर प्रेक्षक, समोर दुसऱ्या स्तरावरचा कार्डिफ. ३७ व्या मिनिटाला उटाकाचा क्रॉस कार्डिफच्या गोलकीपरच्या हातून निसटला आणि कानूनं चेंडू आत ढकलला. बाकीचा तासभर मागच्या चौघांनी निभावून नेला. पोर्ट्समथनं आधीचा कप १९३९ मध्ये जिंकला होता, आणि मग महायुद्धामुळे स्पर्धाच थांबल्यानं तो सात वर्षं त्यांच्याकडेच पडून होता. म्हणजे त्या गावात ज्यांनी मागचा कप पाहिला होता ते ऐंशीच्या घरातले.

आणि त्याच पोर्ट्समथचं दोन वर्षांत काय झालं?

पैसे नव्हते, कधीच नव्हते. मालक बदलत राहिले, २००९-१० मध्ये खेळाडूंचे पगार उशिरा झाले, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये पोर्ट्समथ हा प्रशासकांच्या ताब्यात जाणारा पहिला प्रीमियर लीग क्लब ठरला. नऊ गुण कापले. तळाला १९ गुणांवर हंगाम संपला. तरीही तो संघ त्या वर्षी पुन्हा एफए कपच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि चेल्सीकडून १-० हरला.

हेर्मान त्या सामन्यात नव्हता. २७ मार्चला टॉटनहॅमच्या मैदानावर त्याची टाचेमागची कंडरा, अकिलीस, तुटली. ही दुखापत झालेले खेळाडू सांगतात की कुणीतरी मागून लाथ घातली असं वाटतं. वळून बघावं तर मागे कुणी नसतं. वय ३५. त्या वयात ही कंडरा तुटली की बहुतेक जण बूट खुंटीला टांगतात. तो सावरला आणि खाली गेलेल्या त्याच पोर्ट्समथकडून पुन्हा खेळला.

आइसलँडकडून युरो, वर्ल्ड कप काहीच कसं नाही?

जन्म दहा वर्षं आधी झाला, एवढंच. १९९६ ते २०११ या काळात तो देशासाठी खेळला. जवळ आले होते ते युरो २००४ च्या वेळी. सप्टेंबर २००३ मध्ये रेक्याविकला आइसलँडनं जर्मनीला ०-० रोखलं, आणि त्या रात्री जर्मनीचे प्रशिक्षक रुडी फोल्लर थेट प्रक्षेपणात समालोचकांवर असे भडकले की जर्मनीत लोक अजून ती चित्रफीत काढून बघतात. गटात शेवटी जर्मनी १८, स्कॉटलंड १४, आइसलँड १३. एका गुणानं प्लेऑफ, म्हणजे पात्रतेची शेवटची संधी, हुकली.

हेर्मान थांबला त्या २०११ च्या शेवटी स्वीडनचे लार्स लागरबॅक प्रशिक्षक म्हणून आले, हॉलमधली पोरं मोठी झाली होती, आणि २०१६ च्या युरोत नीसला त्यांनी इंग्लंडला २-१ बाहेर काढलं. बरोबरीचा गोल आठवतो का? आरोन गुन्नारसनचा लांबलचक थ्रो-इन, कारी आर्नासननं डोक्यानं दिलेली हलकी दिशा, आणि राग्नार सिगुर्दसननं मारलेला चेंडू. आर्नासन आणि सिगुर्दसन, दोघेही सेंटर बॅक. हेर्मानच्या जातीचा गोल, हेर्मानशिवाय.

भारतात कधी आणि कसा आला?

मैत्रीमुळे. पोर्ट्समथमध्ये जेम्स आणि तो जिवलग झाले. २०१३ मध्ये हेर्मान आयबीव्हीचा मॅनेजर झाला तेव्हा इंग्लंडचा हा माजी गोलकीपर, बेचाळिशी ओलांडलेला, त्या चार हजार वस्तीच्या बेटावर जाऊन त्याच्या संघाचा गोल राखू लागला. जानेवारी २०१८ मध्ये प्रशिक्षक रेने म्यूलेनस्टीन गेल्यावर केरळा ब्लास्टर्सनं जेम्सना पुन्हा बोलावलं, तेव्हा त्यांनी परतफेड केली: हेर्मान सहायक प्रशिक्षक. त्याच महिन्यात आइसलँडचा स्ट्रायकर ग्वुद्योन बाल्दविन्सन उसना आला. संदेश झिंगन तेव्हा ब्लास्टर्सचा कर्णधार. भारतातल्या सगळ्यात लढाऊ सेंटर बॅकला शिकवायला सहायक म्हणून हा माणूस, ही जोडी कागदावर तरी झकास.

शेवट मात्र आपल्या मुंबईत झाला. १६ डिसेंबर २०१८, अंधेरीचं मैदान. मुंबईच्या मोदू सुगूनं एकट्यानं चार गोल केले आणि मुंबई सिटीनं ब्लास्टर्सना ६-१ धुतलं. मी मुंबईच्या बाजूला बसलो होतो, घसा बसेपर्यंत ओरडलो. चौथ्या-पाचव्या गोलनंतर शेजारचा ब्लास्टर्सच्या पिवळ्या जर्सीतला एक मुलगा उठून वडापाव आणायला गेला आणि सामना संपेपर्यंत परतला नाही. दोनच दिवसांत जेम्स आणि क्लब वेगळे झाले.

प्रशिक्षक म्हणून कसा?

मिश्र. आयबीव्ही, आइसलँडचाच फिल्किर हा क्लब, मग केरळ. २०१९ च्या शेवटी सोल कॅम्पबेलनं साउथएंड युनायटेडमध्ये त्याला सोबत घेतलं. पोर्ट्समथचा तोच बचाव पुन्हा. साउथएंडही खाली गेलं, विनोद करायचा असेल तर करून घ्या. पुढे तो बेटावर परतला. २०२३ मध्ये आयबीव्ही वरच्या लीगमधून घसरले, पण या वेळी तो कुठे गेला नाही. २०२४ मध्ये खालची लीग जिंकून त्यांना परत वर आणलं आणि मगच निघाला.

आइसलँडचे आणखी कुठले बचावपटू पाहावेत?

ग्वुद्नी बेर्गसन, बोल्टनचा कर्णधार, पुढे आइसलँडच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष. बिर्किर मार साईवार्सन, ज्यानं २०१८ चा वर्ल्ड कप खेळला तेव्हा त्याची नोकरी मिठाच्या पॅकिंगच्या कारखान्यात होती, आणि त्या स्पर्धेत त्यांनी मेस्सीच्या अर्जेंटिनाला १-१ रोखलं. आणि आज कुणी एकच नाव विचारलं तर ग्लोदिस पेर्ला विग्गोसदोत्तिर, बायर्न म्युनिक महिला संघाची कर्णधार. नुसती आइसलँडमधली नाही, जगातल्या उत्तम सेंटर बॅकांपैकी एक. ती नक्कीच हेर्मानपेक्षा सरस.

हेर्मानचा एकच सामना बघायचा तर कुठला?

सगळे २००८ चा फायनल सांगतील. मी पोर्ट्समथ विरुद्ध रीडिंग सांगेन, २९ सप्टेंबर २००७. निकाल ७-४, प्रीमियर लीगमधला सर्वाधिक गोलांचा सामना. बचावपटूसाठी लाजिरवाणाच म्हणा, चार गोल खाल्ले. पण दुसरा अर्धा सुरू झाला आणि रीडिंगनं २-२ केलं, तेव्हा पोर्ट्समथला पुन्हा पुढे नेणारा तिसरा गोल कुणाचा होता ते बघा. ५५ वं मिनिट. समोर रीडिंगच्या बचावात ईवार इंगिमारसन, राष्ट्रीय संघातला त्याचा सोबती.